वाचकांचे प्रश्न : हॅलोवीन, दोन भावंडं आणि एक बादली

ऑक्टोबर लागला की या सदराच्या टपालात भोपळे शिरतात. यंदाची बहुतेक पत्रं एकाच अडचणीची आहेत : घरात दोन मुलं, वयात चार-पाच वर्षांचं अंतर आणि दोघांनाही एकाच संध्याकाळी, म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या हॅलोवीनला, वेश करून बादली घेऊन दारोदार खाऊ मागायला जायचंय. पत्रं अमेरिकेतल्या वाचकांची असल्यामुळे उत्तरंही तिथल्या हिशेबानं दिली आहेत.

मुलगा आठ वर्षांचा, मुलगी तीनची. गेल्या वर्षी अर्ध्या तासात मुलगी रडायला लागली, सगळेच परत आलो आणि मुलाचा पार विरस झाला. दोघांना एकत्र कसं न्यायचं? — एडिसन, न्यू जर्सी

एकत्र न्या, पण एकत्र परत आणू नका. तीन वर्षांच्या मुलीची दमछाक पाऊण तासात होते. आठ वर्षांचा मुलगा त्या वेळी नुकता कुठे रंगात आलेला असतो. त्यामुळे फेऱ्या दोन ठेवा. पहिली धाकटीची : साडेपाच ते सव्वासहा, आपल्याच रस्त्यावरची दहा-बारा घरं, त्यातही ओळखीची आधी. मग घरी येऊन एकानं तिच्याजवळ थांबायचं आणि दुसऱ्यानं मुलाला घेऊन आठपर्यंत मोठी फेरी करायची. हे मुलाला आठवडाभर आधीच सांगून ठेवा. 'आपली खरी फेरी नंतर आहे' हे ठाऊक असलं की पहिल्या फेरीत तो घाई करत नाही.

साडेपाचची वेळ उजेडासाठी. २००७ पासून घड्याळं नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे सरकतात. त्याआधी ती ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सरकत, म्हणजे हॅलोवीनच्या आधीच. आता ३१ तारखेला एक तास जास्त उजेड मिळतो. तुमच्याकडे सूर्यास्त सहाच्या किंचित आधी होतो, म्हणजे धाकटीची निम्मी फेरी उजेडात उरकते. सजावट दिसत असते, पण भीती वाटत नाही. त्याच दिवशी किंवा आदल्या दिवशी भर दुपारी तिला त्या रस्त्यावरून एकदा फिरवून आणा. जवळ गेल्यावर किंचाळणारे, हात हलवणारे सांगाडे कोणत्या अंगणात आहेत ते कळतं. ती घरं पहिल्या फेरीतून सरळ गाळा.

पहिल्या फेरीत दादाला काम द्या : कुठल्या पोर्चचा दिवा लागलाय ते बघायचं. दिवा लागला असेल तर बेल वाजवायची, अंधार असेल तर पुढे जायचं. बेल तो वाजवेल, पण बादली आधी तिची पुढे होईल. दारात ठेवलेल्या खाऊच्या वाटीत 'एकच घ्या' अशी चिठ्ठी असेल तर ती वाचून दाखवायचं कामही त्याचंच.

रस्त्याची एक बाजू पूर्ण करा आणि मग कोपऱ्यावरूनच पलीकडे जा. समोरचं घर चांगलं दिसतंय म्हणून मध्येच ओलांडणं, आणि तेही उभ्या गाड्यांच्या मधून, यातच अपघात होतात. अमेरिकेतल्या ४२ वर्षांच्या नोंदी तपासणारा एक अभ्यास २०१८ मध्ये 'जामा पीडियाट्रिक्स'मध्ये आला. हॅलोवीनच्या संध्याकाळी पादचारी मृत्यूंचा धोका एक आठवडा आधीच्या आणि नंतरच्या संध्याकाळींपेक्षा ४३ टक्के जास्त निघाला. त्यामुळे चमकपट्टी हवीच : दोन इंच रुंदीची, पाठीवर एक आणि दोन्ही दंडांवर एकेक. ती स्वतः उजळत नाही, गाडीचा दिवा पडला तरच चमकते. म्हणून जोडीला कपड्याला अडकवायचा छोटा दिवाही लावा. डोक्याला बांधायचा दिवा मात्र नको. मूल वर बघून बोलतं तेव्हा तो दार उघडणाऱ्याच्या थेट डोळ्यांत जातो.

मुलाला खोक्याचा रोबो व्हायचंय, तर पाच वर्षांच्या बहिणीला परी. दोन्ही घरीच करायचं म्हणते, पण शिवणयंत्र नाही. — नेपरव्हिल, इलिनॉय

दोन्हीला शिवण लागत नाही. लागतं ते माप.

रोबोत नव्वद टक्के लोक खोकं फार लांब घेतात. खोक्याची उंची खांद्यापासून कंबरेच्या हाडापर्यंतच हवी. गुडघ्यापर्यंत आलं की पायरी चढताना पुठ्ठा मांडीला अडतो आणि मूल तोंडावर पडतं. सात-आठ वर्षांच्या मुलाला साधारण १६ इंच उंच, खांद्यांच्या रुंदीहून दोन इंच जास्त रुंद आणि ९-१० इंच खोल खोकं पुरतं. खोली यापेक्षा जास्त झाली तर त्याला स्वतःचे पाय दिसत नाहीत. खालची चारही पानं कापून टाका, आत दुमडून ठेवू नका, ती मांड्यांना टोचतात. वर डोक्यासाठी आठ इंचांचं लांबट भोक पाडा. बाजूंना वरच्या कडेपासून दोन इंच सोडून हातांसाठी सहा इंचांची भोकं ठेवा. सगळ्या कापलेल्या कडांवर डक्ट टेप लावा. वजन खांद्यावर येतं, म्हणून गळ्याच्या भोकाच्या दोन्ही बाजूंना आतून फोम चिकटवा. पाण्याच्या पाइपवर चढवायची फोमची नळी हार्डवेअरच्या दुकानात मिळते. तिला उभी चीर असतेच, ती सरळ कडेवर बसते.

रंग पाण्यातला असेल तर पातळ दोन हात द्या. एकच जाड हात दिला तर पुठ्ठा पाणी पिऊन वाकतो. अॅल्युमिनियम फॉइल लावणार असाल तर कोपऱ्यांवर चंदेरी टेपच लावा, फॉइल तिथंच पहिलं फाटतं. डोक्यावर दुसरं खोकं ठेवायचा मोह आवरा, बाजूचं काहीही दिसत नाही. लोकरीच्या टोपीला बाटल्यांची झाकणं चिकटवली की झालं. दिव्यांची माळ हवी असेल तर डबल-ए बॅटरीची आणि स्क्रूनं बंद होणाऱ्या डबीची घ्या. नाण्यासारखी चपटी बॅटरी धाकट्या बहिणीच्या हाती लागायला नको. ती गिळली तर अन्ननलिका तासाभरात भाजायला लागते. अशा बॅटरीच्या डब्या मुलांना उघडता येऊ नयेत असा कायदा २०२२ मध्ये झाला, पण ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त माळा तो पाळतातच असं नाही.

आणखी एक गोष्ट आयत्या वेळी लक्षात येते : खोक्यात शिरल्यावर मुलाचे दोन्ही हात समोर एकमेकांना पोचत नाहीत. दोन हातांनी धरायची बादली त्याच्या कामाची नाही. लांब पट्ट्याची कापडी पिशवी गळ्यात अडकवा. खोकं घालून गाडीत बसता येत नाही, ते डिकीत न्यायचं. पाऊस असेल तर रोबो रद्द. पुठ्ठा अर्ध्या तासात लोळागोळा होतो, तेव्हा दुसरा वेश तयार ठेवा.

परीसाठी ट्यूलचा, म्हणजे पातळ जाळीदार कापडाचा घागरा. सहा इंच रुंदीचे, २५ यार्डांचे दोन रोल आणा. कमरेचं माप घेऊन त्यापेक्षा दीड इंच कमी इलॅस्टिक कापा आणि गाठ मारून गोल करा. घागरा १० इंच लांब हवा असेल तर २१-२१ इंचांच्या साठेक पट्ट्या लागतात. पट्टी दुहेरी करा, घडीचं टोक इलॅस्टिकच्या मागून वर काढा आणि दोन्ही मोकळी टोकं त्या फासातून ओवून खाली ओढा. गाठ फार आवळू नका, इलॅस्टिक पिळलं की घागरा एका बाजूला फुगतो. खुर्चीच्या पाठीला इलॅस्टिक अडकवून बसलात तर तासाभराचं काम आहे.

तुमच्याकडे त्या रात्री थंडी असणार. पंख सगळ्यात शेवटी, जाकिटावरून. आत घातलेल्या पंखांचं इलॅस्टिक काखेत रुततं आणि दहाव्या मिनिटाला 'मला नको पंख' सुरू होतं. घागऱ्याखाली लोकरी लेगिंग, पायात रोजचे स्नीकर. ट्यूल नायलॉनचं असतं, आच लागली की आक्रसून वितळतं. पुठ्ठाही भुर्रकन पेटतो. ज्या पोर्चवर भोपळ्यात खरी मेणबत्ती असेल तिथं दोघांनाही भोपळ्यापासून हातभर लांब ठेवा.

आदल्या आठवड्यात दोघांना पूर्ण वेश घालून पाच गोष्टी करायला लावा : जिना चढणं, उकिडवं बसणं, हात वर करणं, पळणं आणि बाथरूमला जाणं. शेवटची परीक्षा सगळ्यात जास्त वेश नापास करते.

मुलीला झाशीची राणी व्हायचंय. नऊवारी चालेल का? तलवारीचं काय? धाकटा दोन वर्षांचा आहे, त्याला काय करावं? — फ्रिमाँट, कॅलिफोर्निया

शिवलेली नऊवारी उत्तम. काष्ट्यामुळे पाय मोकळे राहतात, परकरापेक्षा पायऱ्या चढायला कितीतरी सोपी. काठ घोट्याच्या दोन इंच वर ठेवा आणि पदर कमरेला खोचून सेफ्टी पिनेनं पक्का करा. तलवार फोमची, टोक वाकणारी. शाळेतल्या परेडला मात्र नेऊ नका, खोटी शस्त्रं आणि मुखवटे बहुतेक शाळांत चालत नाहीत. तिथं ढाल न्यावी. दारात 'तू कोण झालीस?' असं विचारतील, तेव्हा एक वाक्य पाठ असू द्या : इंग्रजांशी लढलेली राणी. त्यावर गप्पा आपोआप सुरू होतात.

धाकट्याला घोडा करा. तपकिरी हुडी, टोपीवर लोकरीची आयाळ, मागे शेपूट. कॉस्च्युमवर पैसे खर्चायचे तर असल्या जोडीवर खर्चावेत. दोघांना एकमेकांशिवाय अर्थ नसला की भांडणं कमी होतात. पाठीवर दामोदर बांधायचा हट्ट असेल तर बाहुली बांधा, भाऊ नको.

गाडीतून जाणार असाल तर सीटमध्ये बसवताना फुगीर कपडे, कापूस भरलेली शेपूट वगैरे काढून ठेवा. पट्टा कपड्यावर घट्ट वाटतो आणि अंगावर सैल राहतो.

आम्ही शाकाहारी आहोत, अंडंही खात नाही. मोठ्या मुलाला शेंगदाण्याची अॅलर्जी आहे. बादलीतलं नेमकं काय बाजूला काढायचं? — केरी, नॉर्थ कॅरोलायना

दोन चाळण्या लावा. पहिली अॅलर्जीची, दुसरी आहाराची. क्रम बदलू नका.

शेंगदाणा उघड असलेले : रीसेस, स्निकर्स, बटरफिंगर, पीनट एम अँड एम्स. लपलेला असतो तो साध्या एम अँड एम्समध्ये, 'शेंगदाणा असू शकतो' अशी सूचना पाकिटावर असते. छोट्या पाकिटांवर घटकांची यादी बऱ्याचदा नसते, ती बाहेरच्या मोठ्या पिशवीवर असते आणि ती पिशवी देणाऱ्याच्या घरी राहते. शिवाय त्याच चॉकलेटचा छोटा आकार वेगळ्या कारखान्यात झालेला असू शकतो. मोठ्या बारला चाललं म्हणून छोट्याला चालेल असं धरू नका. यादी नाही ते पाकीट मुलाच्या वाट्याला नाही, एवढा नियम पुरे. फेरीत एपिनेफ्रिनचं (तीव्र अॅलर्जीवर तातडीनं द्यायचं) इंजेक्शन तुमच्या खिशात हवं, गाडीत नको, आणि घरी येऊन तपासेपर्यंत वाटेत एकही गोळी तोंडात जाता कामा नये. निघण्याआधी मुलाला जेवू घाला म्हणजे हे जमतं.

निळसर-हिरव्या रंगाचा भोपळा दिसला तर तिथं खाऊऐवजी स्टिकर, पेन्सिली, छोटी खेळणी मिळतात. फूड अॅलर्जी रिसर्च अँड एज्युकेशन या संस्थेनं २०१४ मध्ये हा उपक्रम देशभर नेला. बाहेर नारिंगी भोपळे असतील तर एक असाही ठेवा.

आता आहार. जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यातून येतं. गमी बेअर्स, मार्शमेलो, स्टारबर्स्ट, राइस क्रिस्पीज ट्रीट्स, नर्ड्स गमी क्लस्टर्स या सगळ्यांत ते असतं. कँडी कॉर्नमध्येही बहुधा असतंच. मोठ्यांना चकवा मिळतो तो जॉली रँचरमध्ये : कडक गोळीत जिलेटिन नाही, त्यांच्याच गमीत आहे. अंड्याचं पांढरं अमेरिकेतल्या स्निकर्स, मिल्की वे आणि थ्री मस्कटिअर्समध्ये असतं. त्याची कल्पना आपल्यापैकी फार थोड्यांना असते. चकाकीसाठी लावलेलं 'कन्फेक्शनर्स ग्लेझ' म्हणजे लाखेच्या किड्याचं स्रवण. लाल रंगातलं 'कारमाइन' किंवा 'कोचिनील' हेही किड्यांपासून होतं, पण २०११ पासून ते यादीत नावानं लिहावं लागतं, त्यामुळे सापडतं.

मग उरतं काय? पुष्कळ. हर्शीचं साधं दूध-चॉकलेट, किट कॅट, कडक जॉली रँचर, सावर पॅच किड्स, स्किटल्स, स्मार्टीजच्या गोळ्यांची पुंगळी. यांत जिलेटिन आणि अंडं नाही, पण शेंगदाण्याच्या चाळणीतून यांनाही जावंच लागतं. उत्पादक कृती बदलतात, म्हणून दरवर्षी नव्यानं वाचा.

घरात २० सुरक्षित चॉकलेटांची पिशवी आधीच आणून ठेवा. बाजूला काढलेल्या प्रत्येक पाकिटाला बदली एक. तपासणीचं रूपांतर जप्तीत होत नाही.

मी आणि मिस्टर लेकीकडे आलो आहोत. ती नातवंडांना घेऊन बाहेर जाईल आणि आम्ही दारात वाटायला बसू. किती आणावं, काय बोलावं? घरी केलेले लाडू दिले तर चालतील का? — एक आजी, सध्या डॅलस

लाडू नकोत, आजी. सुटं आणि घरचं खायचं अनोळखी दारातून आलं की पालक ते टाकूनच देतात, लाडवाचा अपमान होईल. बंद पाकिटांतलंच द्या.

किती मुलं येतील ते शेजारणीला विचारा. एका रस्त्यावर २० येतात, पलीकडच्यावर २००. अंदाज नसेल तर १५० नगांची एक मिश्र पिशवी आणा, वीस ते तीस डॉलरच्या आसपास मिळते. सुरुवातीला एकेक द्या आणि साडेसातनंतर उरलं असेल तर दोन-दोन. पोर्चचा दिवा लावून ठेवा, पायऱ्यांवरची कुंडी आणि ओली पानं आधीच काढा, भोपळ्यात मेणबत्तीऐवजी बॅटरीचा दिवा ठेवा. शक्य असेल तर दोघांनी खुर्च्या बाहेर टाकून बसा. दर दोन मिनिटांनी उठणं वाचतं आणि अगदी लहानांना पायऱ्या चढाव्या लागत नाहीत.

'ट्रिक ऑर ट्रीट' म्हटलं की 'हॅपी हॅलोवीन' म्हणायचं, एवढंच. वेश ओळखू आला नाही तर 'तू कोण?' असं विचारू नका. 'कित्ती छान!' म्हणा, मूल स्वतःच सांगतं. एखादं काहीच बोलणार नाही, त्यालाही द्या. मिसरूड फुटलेली मुलंही येतील, त्यांनाही द्या. घरात कुत्रा असेल तर वाटी त्याच्या तोंडाला येणार नाही अशी ठेवा. गडद चॉकलेट आणि झायलिटॉलची साखरविरहित च्युइंग गम कुत्र्याला विषारी आहेत.

चेहरा रंगवायचा की मुखवटा? मोठीला मांजरीसारखे डोळे दिसणारी लेन्सही हवी आहे. — ब्रॅम्प्टन परिसरातून अमेरिकेत नुकतीच आलेली एक वाचक, बफेलो

रंगवा. मुखवट्यात बाजूचं दिसत नाही आणि श्वासाच्या वाफेनं आत ओल धरते. रंग आधी दंडाच्या आतल्या बाजूला रुपयाएवढा लावून एक दिवस बघा. अंधारात चमकणारे आणि निऑन रंग डोळ्यांजवळ नकोत. पुसताना साबणानं घासू नका, आधी खोबरेल तेल चोळा, मग कोमट पाणी. लेन्सला स्वच्छ नकार द्या. नंबर नसलेली शोभेची लेन्सही अमेरिकेत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकणं बेकायदा आहे. बुबुळाला चीर पडून जखम चिघळते. मांजरीचे डोळे आयलायनरनंही होतात.

दादाकडे सत्तर गोळ्या, धाकटीकडे वीस. घरी आल्यावर दरवर्षी रडारड. सगळं एकत्र करून निम्मं-निम्मं करावं का? — सॅन होजे

नको. तो दोन तास चालला आहे, त्याचं काढून तिला दिलं तर पुढच्या वर्षी तो तिला न्यायलाच तयार होणार नाही. धाकटी चारच्या आत असेल तर तिच्या वाट्यातल्या कडक गोळ्या, च्युइंग गम, अख्खे दाणे असलेली चॉकलेटं तशीही काढावी लागतात, घशात अडकतात. तीच दादाला द्या आणि बदल्यात त्याच्याकडची मऊ चॉकलेटं घ्या, एकास एक. नगाला नग मिळाला की तिची तक्रार संपते, कारण ती आकडा नाही, हातातली मूठ बघते.

सत्तर ऐकून घाबरू नका. एका छोट्या चॉकलेटात साधारण ७ ते ९ ग्रॅम साखर असते. अमेरिकन हार्ट असोसिएशननं दोन वर्षांवरच्या मुलांसाठी वरून घातलेल्या साखरेची मर्यादा दिवसाला २५ ग्रॅमच्या आत सांगितली आहे, म्हणजे तीन नगांत कोटा संपतो. पहिल्या रात्री मनसोक्त खाऊ द्या, दुसऱ्या दिवसापासून जेवणाला लागून दोन. दातांना एकूण साखरेपेक्षा दिवसभर थोडं थोडं चघळणं जास्त बाधतं. साखरेनं मुलं उड्या मारतात हे मात्र खरं नाही. १९९५ मध्ये अनेक प्रयोग एकत्र तपासले तेव्हा तसा परिणाम दिसला नाही. उड्या असतात त्या रात्रीच्या उत्साहाच्या.

अनोळखी लोक गोळ्यांत विष घालतात, ही धास्तीही अनेक पत्रांत आहे. डेलावेअर विद्यापीठाचे समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट १९५८ पासूनच्या घटना धुंडाळत आले आहेत. वाटलेल्या खाऊनं अनोळखी माणसाकडून मूल दगावल्याची एकही पक्की घटना त्यांना सापडली नाही. फाटलेलं पाकीट टाका, बाकी निश्चिंत राहा.

आमची बदली देमॉइनला झाली. तिथं मुलांना विनोद सांगावा लागतो म्हणे? — एक वाचक, आयोवा

खरं आहे. १९३८ पासून तिथं 'बेगर्स नाइट' होते, म्हणजे मुलं विनोद सांगून खाऊ मागतात ती संध्याकाळ. बरीच वर्षं ती ३० ऑक्टोबरला होत असे. तारीख आणि वेळ दरवर्षी शहराच्या संकेतस्थळावर बघून घ्या. सेंट लुइसमध्येही विनोदाची पद्धत आहे. गावागणिक नियम वेगळे असतात : व्हर्जिनियातल्या चेसापीकमध्ये वयाची मर्यादा आहे, १२ ची होती ती २०१९ मध्ये १४ केली.

विनोद इंग्रजी, प्रश्नोत्तराचा आणि दोन ओळींचा निवडा. मराठी कोटी भाषांतरात मरते. प्रश्न मोठ्यानं विचारायचा, उत्तर धाकट्यानं द्यायचं. उलटं केलंत तर धाकटा प्रश्नातच अडकतो आणि दारात रांग लागते. एकच विनोद सगळ्या दारांना चालतो, ऐकणारा प्रत्येक वेळी नवा असतो.